व्हॉल्व्हवर उजेड पडला की भोंग्यात गुणगुण येते का? उजेड वेगळा, दिवा वेगळा

जुने व्हॉल्व्हवाले, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारे अ‍ॅम्प्लिफायर लोक परत शोधून राहिले आहेत. भजनी मंडळाच्या खोलीत, टुरिंग टॉकीजवाल्यांच्या अडगळीत, कुठं कुठं पडलेल्या या अ‍ॅम्प्लिफायरच्या पेट्या काढून झाडून चालू करून राहिले, आणि त्यासोबतच मोबाईलवर एक गोष्ट फिरते की व्हॉल्व्हवर उजेड पडला की आवाजात घाण येते, म्हणून पेटी अंधारात ठेवा, काळी टोपी विकत घेऊन व्हॉल्व्हला घाला. मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे अशा पेट्या दुरुस्त करतो, आणि सध्या मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. "भाऊ, मंदिरात एलईडी लावला की भोंग्यातून घूंऽऽ येते, बंद केला की जाते, मंग हे उजेडानंच होते ना?"

यातलं अर्धं खरं आहे. उजेडाचा व्हॉल्व्हवर परिणाम होतो, हे पक्कं फिजिक्स आहे, त्यावर नोबेलसुद्धा मिळालेलं आहे. पण तुमच्या मंदिरातली घूं घूं त्यानं होत असेल याची शक्यता फार कमी. का, ते नीट समजून घेऊ, कारण ते समजलं नाही तर माणूस काळ्या टोप्यांवर पैसे घालत बसतो आणि खरा बिघाड तसाच राहतो.

व्हॉल्व्हच्या आत काय चालते

काचेची नळी, आतली हवा काढून टाकलेली. मधोमध एक तापणारी नळकांडी असते, तिला कॅथोड म्हणतात, आणि तापली की तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. बाहेरच्या बाजूला धातूचं पत्र्यासारखं आवरण असते, ती प्लेट. तिला दोन-अडीचशे व्होल्ट प्लस दिलेले असतात म्हणून ती इलेक्ट्रॉन ओढून घेते. आणि या दोघांच्या मध्ये बारीक तारेचं वेटोळं असते, ते ग्रिड. आपला माईकचा आवाज, म्हणजे विजेच्या रूपातला, या ग्रिडवर येतो.

वावरात ओलीत करताना दांडाच्या तोंडाशी फावडं घेऊन माणूस उभा असतो, बघा. मोटर पाच हॉर्सची, पाणी धो धो येऊन राहिलं, पण ते कोणत्या सरीत किती जाईल हे त्या एका फावड्याच्या हलण्यावर ठरते. ग्रिड म्हणजे ते फावडं. कॅथोडकडून प्लेटकडे जाणारा मोठा प्रवाह ग्रिडवरच्या एवढ्याशा व्होल्टेजनं कमीजास्त होतो, म्हणून बारीक आवाज मोठा होतो. याचा दुसरा अर्थ असा की ग्रिडवर कुठूनही नको ती थरथर आली, तर तीसुद्धा तेवढीच मोठी होऊन भोंग्यातून निघणार. त्यामुळे पुढचा सगळा हिशोब ग्रिडचाच आहे.

उजेडानं धातूतून इलेक्ट्रॉन निघतात हे खरंच आहे

१८८७ साली हाइनरिश हर्ट्झ हा जर्मन शास्त्रज्ञ ठिणग्यांचे प्रयोग करत होता, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की अतिनील किरण पडले की ठिणगी सोपी उडते. त्यानं मध्ये काच धरली तर परिणाम गेला, क्वार्ट्झ धरला तर राहिला. पुढच्या वर्षी हॉलवॅक्स नावाच्या शास्त्रज्ञानं जस्ताच्या पत्र्यावर हेच तपासलं. मग १९०५ साली आइन्स्टाइननं सांगितलं की उजेड पुडक्या-पुडक्यांनी येतो, आणि एका पुडक्यात पुरेसा जोर असेल तरच ते धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढते. त्याचं १९२१ सालचं नोबेल याच कामासाठी आहे, सापेक्षतेसाठी नाही.

आता जोर कशात जास्त? निळ्यात लालपेक्षा जास्त, आणि अतिनीलमध्ये त्याहून जास्त. आपल्याला दिसणारा उजेड साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा, ४०० म्हणजे जांभळा, ७०० म्हणजे लाल. हे लाटेच्या लांबीचं माप आहे, आकडा जितका लहान तितका जोर जास्त. निकेलसारख्या स्वच्छ धातूतून इलेक्ट्रॉन काढायला २५० नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील लागतो, आणि तो साध्या काचेतून आत येतच नाही. हर्ट्झनं मध्ये धरलेली काच आपल्या व्हॉल्व्हला जन्मजातच आहे!

मग प्रश्न मिटला? नाही मिटला, आणि मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. कॅथोडवर बेरिअम वगैरेच्या ऑक्साईडचा पांढरा लेप असतो, म्हणून तो कमी तापमानातही भरपूर इलेक्ट्रॉन देतो. वर्षानुवर्षं तापून तापून त्यातला थोडा बेरिअम उडतो आणि शेजारच्या ग्रिडवर जाऊन बसतो. आणि बेरिअम इतका सहज इलेक्ट्रॉन सोडतो की त्याला दिसणारा निळा उजेडसुद्धा पुरतो. म्हणजे नवा व्हॉल्व्ह उजेडाला दाद देणार नाही, आणि तोच व्हॉल्व्ह हजारो तास चालल्यावर देईल, असं होऊ शकते. काही व्हॉल्व्हमध्ये ग्रिडच्या तारेवर सोन्याचा मुलामा देत, तो शोभेसाठी नाही, तर बेरिअम बसला तरी ग्रिडनं इलेक्ट्रॉन सोडू नयेत म्हणून.

पण प्लेटवर, कॅथोडवरही उजेड पडतोच की

पडतो, पण फरक पडत नाही. प्लेट प्लस आहे, तिच्यातून इलेक्ट्रॉन निघाला तरी तीच त्याला परत ओढून घेते. कॅथोडमधून उष्णतेनंच एवढे निघतात की उजेडाचे त्यात दिसतही नाहीत. आकडाच सांगतो: कॅथोडचा प्रवाह मिलीअ‍ॅम्पिअरमध्ये मोजतात, उजेडाचा पिकोअ‍ॅम्पिअरमध्ये, आणि १ मिलीअ‍ॅम्पिअर आणि १ पिकोअ‍ॅम्पिअर यांच्यात शंभर कोटी पटीचा फरक आहे. पिकोअ‍ॅम्पिअर म्हणजे एका अ‍ॅम्पिअरचा लाख कोटीवा हिस्सा, तरी त्यात सेकंदाला ६२ लाखांच्या वर इलेक्ट्रॉन असतात.

ग्रिडचं तसं नाही. ती मायनस ठेवलेली असते, इलेक्ट्रॉन निघाला की बाहेर ढकलला जातो आणि परत येत नाही. तेवढाच बारीक करंट मग ग्रिडला जोडलेल्या रेझिस्टरमधून, म्हणजे करंटला अडवणाऱ्या भागातून वाहतो, आणि रेझिस्टरमधून करंट गेला की व्होल्टेज तयार होतेच.

उन्हात ठेवला तर घूं होत नाही, ट्यूबलाईटखालीच का?

हे विचारणारा माणूस हुशार. ऊन एकसारखं असते, त्यानं ग्रिडवर जो काही बारीक फरक पडतो तो एकदाच पडतो आणि तसाच राहतो, त्याचा आवाज होत नाही. आवाज व्हायचा तर उजेड कमीजास्त झाला पाहिजे. आपली लाईन ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० चक्रांची, तिच्यावरचा दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, कारण प्रत्येक चक्रात वीज दोनदा शून्याला येते. जुना पिवळा लट्टू थोडासाच हलतो, त्याची तार तेवढ्यात थंड होत नाही. चोकवाली ट्यूबलाईट बरीच हलते. स्वस्त एलईडी तर काही काही इतके हलतात की मोबाईलचा कॅमेरा धरला तर स्क्रीनवर काळे पट्टे पळताना दिसतात. त्यात पांढऱ्या एलईडीच्या उजेडात ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचा मोठा भाग असतो, जो लट्टूत फार कमी होता. म्हणून "लट्टू होता तेव्हा काही नव्हतं" हे म्हणणं उजेडाच्या बाजूनंही अगदीच खोटं नाही.

तर उजेडानं गुणगुण झालीच, तर ती १०० हर्ट्झची होणार, जाड, खर्जातली.

आता हिशोब करू, म्हणजे भांडण मिटते

समजा उजेडामुळं ग्रिडमधून १ पिकोअ‍ॅम्पिअर करंट हलून राहिला. ग्रिडचा रेझिस्टर १ मेगाओहम, म्हणजे १० लाख ओहम. व्होल्टेज झालं १ मायक्रोव्होल्ट. हे मोठं का लहान? तर तो १ मेगाओहमचा रेझिस्टर नुसता खोलीच्या तापमानाला बसल्या बसल्याच, ऐकू येणाऱ्या सगळ्या पट्ट्यात मिळून, साधारण १८ मायक्रोव्होल्टची स्वतःची खरखर करत असतो. धातूतले इलेक्ट्रॉन उष्णतेनं धडपडत राहतात, त्याचा हा आवाज. जॉन्सन आणि नायक्विस्ट या दोन शास्त्रज्ञांनी १९२८ साली तो मोजून आणि गणित मांडून दाखवला. त्यावर कोणाचाच इलाज नाही.

आणि माईक जोडला की गोष्ट अजून खाली येते. भजनाच्या जुन्या पेटीला लागणारा माईक ५० हजार ओहमचा धरला, तर तोच १ पिकोअ‍ॅम्पिअर फक्त ०.०५ मायक्रोव्होल्ट तयार करतो. मोटरचं पाणी धो धो चालू असताना फावड्यावर दवाचा थेंब पडावा, एवढाच त्याचा जोर.

जिथं ग्रिडचा रेझिस्टर फार मोठा आहे तिथं मात्र चित्र पालटते. स्टुडिओतले व्हॉल्व्हवाले कंडेन्सर माईक असतात, त्यात रेझिस्टर शेकडो मेगाओहमचा किंवा त्याहून मोठा असू शकतो. त्यात माईकची कॅप्सूल, म्हणजे आवाज पकडणारा भाग, स्वतः थोडा करंट खाते, ती ५० पिकोफॅरडची धरली तर १०० हर्ट्झला ती साधारण ३२ मेगाओहमसारखी वागते, म्हणजे तोच १ पिकोअ‍ॅम्पिअर तिथं ३० मायक्रोव्होल्टच्या वर जातो. शांत स्टुडिओत हे ऐकू येईल. पण तो व्हॉल्व्ह धातूच्या बंद नळीत असतो, तिथं उजेड जातच नाही. फार बारीक करंट मोजायच्या यंत्रांत, ज्यांना इलेक्ट्रोमीटर म्हणतात, त्यांचे व्हॉल्व्ह तर मुद्दाम अंधारात ठेवून वापरत. तेव्हा काळोखाची गोष्ट कोणी हवेतून काढलेली नाही, ती त्या जगातली खरी आहे, पण ती उचलून भजनाच्या पेटीला लावली की चुकते.

मग दिवा लावला की आवाज येते, ते काय?

ते दिव्याच्या विजेमुळं. दिवा उजेड देतो हे आपल्याला दिसते, पण तो आणखी काय काय देतो ते दिसत नाही.

एलईडी बल्बच्या बुडात एक छोटं सर्किट असते, ड्रायव्हर म्हणतात त्याला. बऱ्याच ड्रायव्हरांत वीज सेकंदाला हजारो वेळा तोडली-जोडली जाते, आणि स्वस्त बल्बात त्याचा कचरा अडवायचं फिल्टर धड नसते. तो कचरा दोन वाटांनी बाहेर पडतो: एक वायरिंगमधून मागं, आणि दुसरा हवेतून रेडिओच्या लाटांसारखा. २०१५ साली सरकारची उजाला योजना आली, एलईडी स्वस्त झाले, गावोगावी प्रत्येक खोलीत पोचले, विजेचं बिल कमी झालं आणि ते चांगलंच झालं, पण मिडियम वेव्हवर नागपूर आकाशवाणी ऐकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, खरखरीचा बल्ब कोणता ते ते नेमकं दाखवतील. रेडिओतही तो उजेड शिरत नाही, बल्बची वीज शिरते. जागलीवर रेडिओ लावणाऱ्यांना दुसरा आवाजही माहीत आहे, रानडुकरांसाठी कुंपणाला लावलेल्या झटका मशीनचा, साधारण सेकंदाला एक टिक्, टिक्. तिथं तर उजेडाचा पत्ताच नसतो, आणि आवाज येतोच.

व्हॉल्व्हच्या पेटीत हे शिरायला वाटा भरपूर. माईकची वायर लांब, तिची जाळी कुठंतरी तुटलेली. माईकच्या वायरशेजारूनच दिव्याची वायर नेलेली, मंडपात तर नेहमीच. अर्थिंग नाही, किंवा आहे पण दोन ठिकाणी, त्यामुळं जमिनीतून घिरट्या मारणारा करंट. पहिला व्हॉल्व्ह, बहुतेक ईसीसी ८३ किंवा ईएफ ८६, उघडा. आणि ट्यूबलाईटचा चोक पेटीच्या ट्रान्सफॉर्मरजवळ असेल तर चुंबकीय गुणगुण वेगळी.

अजून एक लक्षात ठेवा. पेटीच्या पॉवर सप्लायमधले जुने कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे भाग, वाळले की तेही बरोबर १०० हर्ट्झचीच गुणगुण देतात, म्हणजे उजेडाची जी असती तीच. ५०-६० वर्षांच्या पेटीत हे कंडेन्सर वाळलेले असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. दिवा बंद असतानाही गुणगुण असेल तर आधी तिकडंच बघा.

उजेड का दिवा, हे घरीच कसं ओळखायचं

यात दिवा बंद करायचा नाही, हे महत्त्वाचं. दिवा बंद केला की उजेडही गेला आणि वीजही गेली, मग कोणामुळं आवाज गेला ते कसं कळणार? दिवा चालूच ठेवा, आणि दिवा आणि व्हॉल्व्ह यांच्या मध्ये एक जाड पुठ्ठा धरा. व्हॉल्व्हपासून हातभर दूर, कारण हात जवळ नेला तर हातामुळंच गुणगुण बदलते. पुठ्ठा उजेड अडवतो, विजेचा कचरा अडवत नाही. आवाज तसाच राहिला, तर उजेड निर्दोष. माझ्याकडं आलेल्या पेट्यांत आजवर आवाज तसाच राहिला आहे.

उलटही करून पाहता येते. घरातले सगळे दिवे बंद, आणि साधी सेलवाली टॉर्च पहिल्या व्हॉल्व्हवर मारून समोर बोटं भराभर हलवा. उजेडाचा परिणाम असेल तर बोटांच्या तालावर भोंग्यात फडफड ऐकू येईल. टॉर्चला लाईनची वीज नाही, त्यामुळं इथं फसगत होत नाही.

कळकळीनं सांगतो, पेटीचं झाकण काढून हात घालू नका. आत अडीचशे-तीनशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये बराच वेळ राहतात. आणि शेवटच्या मोठ्या व्हॉल्व्हवर फडकं तर अजिबात टाकू नका, त्याची काच २०० अंशांच्या वर जाऊ शकते, कापड पेटू शकते.

"पण मी पत्र्याची डबी घातली अन् आवाज गेला"

गेला असेलच! पहिल्या व्हॉल्व्हवर घालायची धातूची डबी जुन्या पेट्यांना कंपनीतूनच यायची, काही व्हॉल्व्हच्या काचेवर तर धातूचा रंगच मारलेला असायचा. ती डबी चेसिसला, म्हणजे पेटीच्या धातूच्या सांगाड्याला टेकली की विजेचं क्षेत्र अडवते, त्यासाठीच ती असते. पण ती उजेडही अडवते, म्हणून बघणाऱ्याला वाटते की अंधार केला आणि आवाज गेला. खात्री करायची तर स्वच्छ चहाच्या गाळणीसारखी धातूची जाळी घ्या, चेसिसला जोडून व्हॉल्व्हभोवती ठेवा. हे जोडकाम जाणकाराकडूनच करून घ्या. जाळीतून उजेड जातो, वीज अडते. तरीही आवाज गेला, तर उत्तर मिळालं. आणि काळी रबराची टोपी घालून आवाज जात नाही, डबीनं जातो, यातच सगळं आलं.

जिथं उजेड खरोखर गोंधळ घालतो

काही जुन्या पेट्यांत व्होल्टेज स्थिर ठेवायला वायू भरलेल्या नळ्या असतात, उदाहरणार्थ १५० व्होल्टवाली ओए २. आत वायू असला की तो पेटायला सुरुवातीचे दोन-चार मोकळे इलेक्ट्रॉन लागतात, आणि उजेड ते देतो. पूर्ण अंधारात तीच नळी उशिरा किंवा जास्त व्होल्टेजला पेटू शकते. म्हणून अशा नळ्यांत बऱ्याचदा किरणोत्सर्गी पदार्थाचा लवलेश घालत. तुमच्या घरच्या टेस्टरमधला निऑनही याच जातीचा. म्हणजे बघा, इथं अंधारच वाईट.

दुसरं, काचेच्या डायोडचं. नंतर दुरुस्ती करताना कोणी आत काचेचे छोटे सिलिकॉन डायोड लावले असतील, तर ते उजेडाला व्हॉल्व्हपेक्षा कितीतरी जास्त दाद देतात. युरोपात ओसी ७१ नावाचा काचेचा ट्रान्झिस्टर निघायचा, त्याला काळा रंग मारलेला असे, आणि हौशी लोक तो रंग खरवडून त्याचा उजेड ओळखणारा ट्रान्झिस्टर करत, कारण तसा तयार मिळणारा महाग होता. आणि २०१५ साली रास्पबेरी पाय २ नावाच्या छोट्या कॉम्प्युटरवर कॅमेऱ्याचा फ्लॅश मारला की तो बंद पडायचा, तेही यामुळंच, त्यातली एक चिप उघडी होती.

आणि टुरिंग टॉकीज! आपल्याकडे १९३१ पासून बोलपट आले, आणि पुढं यात्रेयात्रेत तंबू लागले. त्या प्रोजेक्टरमध्ये फिल्मच्या कडेला आवाजाची बारीक पट्टी असायची, तिच्यातून एका छोट्या दिव्याचा उजेड जाऊन फोटोसेलवर पडायचा. फोटोसेल म्हणजे मुद्दाम उजेडासाठी बनवलेला व्हॉल्व्हच, त्याच्या कॅथोडवर सीझिअम असायचं, जो बेरिअमपेक्षाही हलक्या हातानं इलेक्ट्रॉन सोडतो. तो दिवा सरळ लाईनच्या विजेवर लावला तर अख्ख्या तंबूत १०० हर्ट्झची घूं घूं, म्हणून त्याला डीसी, म्हणजे कमीजास्त न होणारी वीज, द्यावी लागे. ऑपरेटर दिव्यासमोर पुठ्ठा हलवायचा आणि भोंग्यातून फट् फट् आलं की समजायचा, आवाज चालू आहे. आपल्या गावांनी उजेडाचा आवाज असा ऐकलेला आहे.

व्हॉल्व्ह स्वतःच उजेड देतो, त्याचं काय?

कॅथोड साधारण ७००-८०० अंश सेल्सिअसला असतो, त्याचा उजेड लालसर, त्यात निळा नसल्यातच जमा. म्हणून तो ग्रिडमधून इलेक्ट्रॉन काढायला पुरत नाही, आणि कॅथोड जाडसर असल्यानं तो फारसा हलतही नाही.

सध्या ऑनलाईन मिळणाऱ्या स्वस्त प्रीअ‍ॅम्पमध्ये, म्हणजे मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी लावायच्या छोट्या पेटीत, मात्र व्हॉल्व्हच्या खाली एलईडी लावलेला असतो, निळा नाहीतर नारिंगी, व्हॉल्व्ह जास्त चमकतो असं दिसावं म्हणून. त्याच्या उजेडानं काही होत नाही, तो बहुतेक डीसीवर असतो. पण त्याच्या तारा पहिल्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला चिकटून गेलेल्या असतील, आणि अ‍ॅडॉप्टर कचरा देणारा असेल, तर खरखर येऊ शकते. वॉरंटी संपली असेल तर जाणकाराकडून त्या एलईडीची एक तार सोडवून बघा, व्हॉल्व्ह त्याच्याशिवाय तसाच चालतो. आवाज गेला तर तार तशीच सुटी राहू द्या, किंवा ग्रिडपासून दूर फिरवून परत जोडा.